मॅच बघायचे पैसे मिळतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्रकारितेची पदविका झाली आहे, क्रिकेटचं वेड लहानपणापासून, एका मराठी दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर प्रशिक्षणार्थी उपसंपादक म्हणून चाचणीला बोलावलंय. मित्र म्हणतात, 'चंगळ आहे, मॅच बघायचे पैसे मिळणार.' घरचे म्हणतात, रात्रपाळी नको. मी हेच काम सतरा वर्षं केलं, त्यातली पहिली तीन जिल्हा आवृत्तीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मित्रांचं. डेस्कसमोर टीव्ही असतो, चालूही असतो, बहुतेक वेळा आवाज बंद. पण नीट बसून बघितल्या म्हणाव्यात अशा मॅचेस माझ्या वाट्याला फार थोड्या आल्या. तुम्ही मान खाली घालून रणजीचा धावफलक लावत असता, शेजारून 'गेला!' असा ओरडा येतो, मान वर करेपर्यंत रिप्लेसुद्धा संपलेला असतो. आणि वर्षभरात एक बदल होतो, तो आधीच सांगून ठेवतो. तुम्ही कुठल्या संघाच्या बाजूचे राहत नाही, मॅच लवकर संपवेल त्याच्या बाजूचे होता. १२ चेंडूंत ३० हव्यात आणि विकेट तीनच उरल्यात, अशा वेळी घरातला माणूस देव पाण्यात घालून बसतो. डेस्कवरचा मनात म्हणतो, काय ते एकदाचं करा बाबांनो, पावणेबारा झालेत.

सगळा खेळ घड्याळाचा आहे. आमच्याकडे डाक आवृत्तीचं, म्हणजे लांबच्या गावांना जाणाऱ्या अंकाचं, पान रात्री दहाला छपाईला सोडावं लागे, शहर आवृत्तीचं साडेबाराला. डाकेच्या गाड्या लांब जातात, त्या थांबत नाहीत. मोठी फायनल असली की शहरासाठी पंधरा-वीस मिनिटं मागून घेता येत, तीही छपाईवरच्या माणसाशी एरवी गोड बोलत असलात तर. २०२३ च्या आयपीएल फायनलला हे गोड बोलणंही कामी आलं नाही. पावसाने ती आधी एक दिवस पुढे गेली, मग दुसऱ्या रात्रीही पाऊस आला, आणि जडेजाने शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार-चौकार मारला तेव्हा दीड वाजून गेला होता.

पण मला कोणी 'डेस्क म्हणजे काय' विचारलं की मी १४ जुलै २०१९ ची रात्र सांगतो. रविवार. लॉर्ड्सवर इंग्लंड-न्यूझीलंड वर्ल्ड कप फायनल, आणि तिथून काही मैलांवर विम्बल्डनला जोकोविच-फेडरर फायनल. डेस्कवर आम्ही तिघे. न्यूझीलंडच्या २४१, इंग्लंडचे ८६ वर चार गेलेले, स्टोक्स-बटलर उभे. डाकेला 'सामना रात्री उशिरापर्यंत सुरू होता' हे वाक्य टाकून पान सोडलं. (या वाक्याने मराठी वाचकाचे किती शिव्याशाप खाल्लेत, त्याची गणती नाही.)

शहर आवृत्तीसाठी क्रिकेट लीड (वरची मुख्य बातमी), टेनिस बॉटम (पानाच्या तळाची) असं ठरलं. टेनिस माझ्याकडे. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ वर सर्व्हिस करत होता आणि त्याच्याकडे दोन मॅच पॉइंट होते. नववं विम्बल्डन. मी मथळा लावून बसलो होतो, 'फेडररची नवलाई'. इतका खूश होतो त्या मथळ्यावर की शेजाऱ्याला बोलावून दाखवला. दोन्ही पॉइंट गेले. सेट १२-१२ पर्यंत ताणला, मग टायब्रेक, आणि चार तास ५७ मिनिटांनी जोकोविच जिंकला. मथळा खोडला, पहिला परिच्छेद खोडला, फोटो बदलला. नवलाई आजतागायत छापून आलेली नाही.

मागेपुढेच तिकडे क्रिकेट टाय. मग सुपर ओव्हर, तीही १५-१५. आता मजा बघा. आपल्या धावफलकाच्या खाली 'निकाल' म्हणून एक ओळ असते: अमुक संघ इतक्या धावांनी किंवा इतके गडी राखून विजयी. त्या रात्री त्या ओळीत लिहायचं काय? इंग्लंड ना धावांनी जिंकलं होतं ना गडी राखून. चौकार-षटकारांच्या संख्येवर, २६ विरुद्ध १७. आमचा मुख्य उपसंपादक नियम पुन्हा पुन्हा वाचत होता, पान लावणारा ऑपरेटर माउसवर बोट ठेवून थांबला होता आणि खालून छपाईचा फोन वाजत होता. शेवटी 'सामना व सुपर ओव्हर बरोबरीत, अधिक सीमापार फटक्यांमुळे इंग्लंड विजेता' अशी ओळ बसवली. ती एका कॉलममध्ये मावेना म्हणून बाद क्रमातली (किती धावांवर कितवा गडी बाद, ती यादी) जागा काढली. ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो नियमच काढून टाकला, तेव्हा तो ऑपरेटर म्हणाला, 'आता काय उपयोग.'

तर पहिली गरज ही. लिहिलेलं, आवडलेलं, पूर्ण झालेलं पाच मिनिटांत फेकून देता आलं पाहिजे. ज्यांना ते जमत नाही, ते चांगले लेखक असले तरी डेस्कवर खंगतात.

दुसरी गरज भाषेची, आणि इथे क्रिकेटवेडे हमखास आपटतात. पीटीआय या वृत्तसंस्थेची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, इंग्रजीत येते, पान मराठी. त्यात क्रिकेट म्हणजे निम्मं काम. उरलेल्यात नेमबाजी, बुद्धिबळ, बॅडमिंटन, कुस्ती. आमच्याकडे एका नवख्याने फुटबॉलच्या 'सडन डेथ'चं 'आकस्मिक निधन' केलं होतं. मुद्रितशोधकाने पकडलं म्हणून वाचलो. न खेळताच पुढच्या फेरीत जायला मिळालं, म्हणजे 'बाय' मिळाली, की आपल्याकडे 'पुढे चाल' म्हणतात. खो-खोत डाव आणि गुणांबरोबर प्रत्येकाने किती मिनिटं संरक्षण केलं ते द्यावं लागतं. कबड्डीत लोण (अख्खा संघ बाद) कधी बसला हे आलं नाही तर सांगलीचा वाचक बातमी वाचतच नाही. महाराष्ट्र केसरी कुस्तीच्या दिवसांत तर गादी आणि माती या दोन विभागांत गल्लत केलीत, तर सकाळी फोन उचलायची हिंमत होणार नाही. शिवाय नावं: जोकोविच की योकोविच, एम्बापे की एमबापे. प्रत्येक पेपरचं ठरलेलं असतं. नसलं तर तुम्ही ठरवा आणि भिंतीवर चिकटवा.

फोनवरून आठवलं. जिल्हा आवृत्तीत असताना शालेय कबड्डीची एक बातमी आली, विजेत्या संघातल्या बारा मुलींच्या नावांसह. रात्री साडेनऊला पानावर जाहिरात येऊन पडली आणि मी बातमी शेपटाकडून कापली. नावं शेपटातच होती. सकाळी एका मुलीच्या वडिलांचा फोन. ओरडले नाहीत. म्हणाले, 'साहेब, पाच अंक घेतलेत मी. नाव कितव्या पानावर आहे?' त्या दिवसापासून मी स्थानिक बातमी कापताना विशेषणं काढली, प्रमुख पाहुण्यांची भाषणं काढली, नावं नाही काढली. वर्ल्ड कपचा निकाल वाचकाला आधीच माहीत असतो. त्या बारा नावांसाठी मात्र आपल्याशिवाय कोणी नाही.

निकाल आधीच माहीत असणं हीसुद्धा एक पंचाईतच. १९ जानेवारी २०२१ ला गॅबावर पंतने नाबाद ८९ करून ३२८ चा पाठलाग पुरा केला, तेव्हा आपल्याकडे दुपार होती. पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी. मधल्या वेळात अख्ख्या महाराष्ट्राने तो शेवटचा चौकार मोबाइलवर दहादा बघितलेला. अशा वेळी 'भारताने ऑस्ट्रेलियाचा तीन गडी राखून पराभव केला' ही सुरुवात चालत नाही. बॅटिंगला कोण आलं हे सांगून उपयोग नाही, पाचव्या दिवशी पुजाराने अंगावर किती चेंडू घेतले तिथून उचलावं लागतं. डेस्कची खरी हुशारी अशा निवांत दिवशी दिसते.

सुट्ट्यांचं घरच्यांना आत्ताच सांगा. रविवार विसरा, आयपीएलच्या दोन महिन्यांत लग्नं विसरा. माझा स्वतःचा साखरपुडा एका कसोटीच्या विश्रांतीच्या दिवशी झाला, असं बायको सांगते. कसोटीत विश्रांतीचा दिवस कधीच बंद झालाय, पण तिचा मुद्दा बरोबर आहे. पगाराबद्दल विचारलंत, तर सुरुवातीला पोट भरेल, बाइकचा हप्ता जाणार नाही.

माझं मत? जा. पण क्रिकेट आवडतं म्हणून नको. कुठल्याही खेळाचा निकाल वाचला की 'हे मराठीत चार ओळींत कसं बसेल' असा किडा डोक्यात वळवळत असेल तर जा.

चाचणीत बहुधा एक इंग्रजी कॉपी हातात देतील आणि दीडशे शब्द मागतील. दीडशेच लिहा, एकशे ऐंशी नको. मथळे दोन द्या. आकडे परत एकदा बेरीज करून बघा, अवांतरासकट. आणि निवड झालीच, तर रात्री दीडला ऑफिसची गाडी घरी सोडते का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मी लाजून विचारलं नव्हतं, आठ महिने चालत गेलो.