‘आजच राजीनामा दे, नाहीतर काढून टाकू’

प्रश्न : मी २९ वर्षांची, फोंड्याची. पणजीत पाटोला एका कन्सल्टिंग फर्मच्या शाखेत सव्वादोन वर्षं नोकरी करतेय. मुख्य कार्यालय मुंबईत. सुरुवातीचा काळ बरा गेला, मार्चच्या मूल्यमापनात पाचपैकी चार गुण मिळाले. जूनमध्ये मॅनेजर बदलले आणि सगळं बिघडलं. रात्री अकराला फोन, रविवारी मेसेज, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ‘तुला इथे घेतलं कोणी?’ असं बोलणं. चवथीची मंजूर रजा आदल्या संध्याकाळी रद्द केली. घरात माटोळी बांधत होते आणि मी स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन प्रेझेंटेशन सुधारत बसले होते. ऑक्टोबरमध्ये कर्मचाऱ्यांचा निनावी म्हणून सर्व्हे घेतला. मी खरं ते लिहिलं. आठवड्याभरात मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावून माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. त्यानंतर पंधरा दिवसांत मला ६० दिवसांच्या ‘पीआयपी’वर, म्हणजे काम सुधारून दाखवण्याच्या मुदतीवर, टाकलं. आता एचआर म्हणतात, ‘वैयक्तिक कारण लिहून आजच राजीनामा दे, नाहीतर काढून टाकू, मग कुठेच नोकरी मिळणार नाही.’ रुजू होताना तीन वर्षांचा बाँड लिहून घेतलाय. आधी सोडलं तर प्रशिक्षणाचे ३ लाख रुपये भरायचे, आणि बाबा जामीन आहेत. प्रशिक्षण म्हणजे पाच दिवसांची ऑनलाइन लेक्चरं. नोटीस ९० दिवसांची. सोडल्यावर वर्षभर क्लायंटकडे किंवा स्पर्धक कंपनीत जायचं नाही असंही कलम आहे, आणि वेर्ण्याच्या एका क्लायंट कंपनीनं मला विचारलंय. रात्री फोन वाजला की छातीत धडधडतं. यांच्यावर केस करता येईल का, की गप्प निघून जाऊ?

सल्ला : सप्रेम नमस्कार. बाकी सगळं नंतर, आधी एक काम. एचआरनी पुढे केलेल्या कागदावर सही करू नका. त्यांच्यासमोर बसून राजीनाम्याचा मेलही टाइप करू नका. ‘घरी बोलून दोन दिवसांत लेखी कळवते’ एवढं म्हणा आणि उठा. आजच्या आज राजीनामा द्यायला लावणारा कुठलाही कायदा नाही. आणि त्याच संध्याकाळी, फोंड्याची बस पकडण्याआधी, ऑफिसच्या मेलवरून त्यांना चार ओळी पाठवा : आज अमुक वाजता अमुक दोघांनी मला राजीनामा द्यायला सांगितलं, न दिल्यास कामावरून काढू असं सांगितलं, मी राजीनामा दिलेला नाही, पीआयपीप्रमाणे काम करत आहे. रागाचा शब्द नको, विशेषण नको. त्यावर त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही, तरी तो मेल उद्या तुमच्या बाजूनं उभा राहील.

एवढ्या आग्रहानं सांगते, कारण काही वर्षांपूर्वी म्हापशाचा एक तरुण माझ्याकडे आला होता. त्याची फाइल जाडजूड होती. शिवीगाळीचे मेसेज, रात्री दोनचे मेल, सगळं तारखेवार लावलेलं. पण सगळ्यात वर त्याचा राजीनामा होता : ‘वैयक्तिक कारणास्तव पदमुक्त करावे, कंपनीच्या सहकार्याबद्दल आभारी आहे.’ दबावाखाली लिहिलं म्हणणाऱ्यानंच दबाव सिद्ध करायचा असतो, आणि त्या दिवशी काय घडलं याचा एकही कागद त्याच्याकडे नव्हता. त्याची थकबाकी आम्ही मिळवली. नोकरीचा मुद्दा सोडून द्यावा लागला, याची रुखरुख मला अजून आहे. तुमच्याकडून चुकून सही झालीच, तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्या आणि राजीनामा मागे घेत असल्याचं कळवा. स्वीकारला जाण्यापूर्वी तो मागे घेता येतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. ऑफिसचं वातावरण वाईट आहे, मॅनेजर माणसासारखा वागत नाही, एवढ्यावर आपल्याकडे दावा उभा राहत नाही. कामाच्या जागी होणाऱ्या मानसिक छळासाठी खासगी नोकरदाराला हाताशी धरता येईल असा स्वतंत्र कायदा भारतात नाही. ही उणीव मला खुपते, पण ती लपवून तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. बोलण्या-वागण्याला लैंगिक अंग असेल तर मात्र २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. पत्रात तसं काही नाही. असेल आणि लिहायला संकोच वाटला असेल, तर तारीख उलटू देऊ नका.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. अपमानाचा हिशोब कोर्टात मांडता आला नाही तरी पैशाचा, कराराचा आणि तारखांचा मांडता येतो, आणि तुमच्या तारखा बोलक्या आहेत. मार्चमध्ये पाचपैकी चार. ऑक्टोबरमध्ये सर्व्हे. आठवड्यात केबिन. पंधरवड्यात पीआयपी. हा क्रम एका पानावर उतरवून काढा, प्रत्येक तारखेसमोर काय घडलं आणि कोण हजर होतं ते लिहा. मग पीआयपीला लेखी उत्तर द्या. मार्चमध्ये समाधानकारक असलेलं काम नेमकं कुठे आणि कधी घसरलं, उदाहरणं द्या, सुधारणा कशी मोजणार ते सांगा, हे प्रश्न विचारा. खरोखर कामाबद्दल तक्रार असेल तर त्यांना उत्तर देणं अवघड जाणार नाही.

तुमचा राजीनामाच त्यांना का हवा आहे, हेही समजून घ्या. तुम्ही राजीनामा दिलात तर ९० दिवसांची नोटीस तुम्ही द्यायची आणि बाँडचे ३ लाखही तुमच्याकडे मागायचे. त्यांनी काढलं तर नोटीस किंवा तेवढा पगार द्यायची पाळी त्यांच्यावर येते, करारात नोटिशीचं कलम दोन्ही बाजूंना सारखं असेल तर. आणि बाँड ‘कर्मचाऱ्यानं नोकरी सोडल्यास’ असा लिहिलेला असेल, तर काढलेल्या माणसाला तो लागूच होत नाही. म्हणजे ज्या ‘काढून टाकू’ला तुम्ही घाबरताय, त्याच वाटेनं कदाचित तुमचं नुकसान कमी आहे. म्हणून आज रात्री बाँड काढून शब्द न् शब्द वाचा : ‘राजीनामा दिल्यास’ लिहिलंय, की ‘कोणत्याही कारणाने सेवा संपल्यास’? सगळा फरक तिथे आहे. ‘कुठेच नोकरी मिळणार नाही’ या धमकीमागे कोणतंही कलम नाही. पुढची कंपनी चौकशी करते तेव्हा अनुभवपत्र आणि पगाराच्या स्लिपा बघते.

बाँडबद्दल दोन्ही बाजू सांगते. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांची अट आणि २ लाखांचा बाँड वैध ठरवला, त्यामुळे ‘बाँडला काही अर्थ नसतो’ असं सांगणाऱ्या मित्रांचं ऐकू नका. पण ती सरकारी बँक होती, आणि जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन पद पुन्हा भरण्याचा खर्च तिथे विचारात घेतला गेला. तुमच्या बाबतीत करार कायद्याचं कलम ७४ महत्त्वाचं. करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. त्याच्या आत न्यायालयाला वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मिळते. पाच दिवसांच्या ऑनलाइन लेक्चरांवर ३ लाख खर्च झाले कसे, हा प्रश्न फर्मला टाळता येणार नाही. शिवाय ३६ पैकी २७ महिने तुम्ही भरलेत. त्या पाच दिवसांचं वेळापत्रक किंवा हजेरीचा मेल असेल तर तो सोन्यासारखा जपा. बाबांना सांगा की जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते, तुमची रक्कम खाली आली की त्यांचीही येते. कोर्टाच्या हुकुमाशिवाय कोणी त्यांच्या घरात येऊन काही उचलून नेऊ शकत नाही.

वेर्ण्याच्या नोकरीला फर्मचं एक वर्षाचं कलम आडवं येणार नाही. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे उपजीविकेला बंदी करणारा करार रद्दबातल असतो. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट चालते, हे १९६७ मध्ये गोलिकरी प्रकरणात ठरलं; नोकरी संपल्यानंतरची अशी अट १९८० मध्ये मुरगई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं टिकू दिली नाही. अडचण वेगळ्याच बाजूनं येऊ शकते. ‘तुमची माणसं आम्ही घेणार नाही’ असं त्या क्लायंटनं फर्मला लिहून दिलेलं असतं, आणि पुष्कळदा त्यांच्या एचआरला ते ऐन वेळी आठवतं. तेव्हा आधी त्यांच्याकडून हे स्पष्ट करून घ्या आणि नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत तोंडी शब्दावर विसंबू नका.

पुरावे गोळा करताना एका जागी तुमच्यासारखी हुशार मुलंच घसरतात, म्हणून जरा सविस्तर. घाबरून माणूस एका रात्रीत ऑफिसचा सगळा मेलबॉक्स खासगी जीमेलवर पाठवतो. त्यात क्लायंटचे दर, अहवाल, एक्सेल शीट सगळं जातं. मग तुमची तक्रार बाजूला राहते आणि गोपनीयता मोडल्याचा, माहिती तंत्रज्ञान कायद्याचा विषय सुरू होतो. तुमचं ते तुमचं : नेमणूकपत्र, बाँड, मूल्यमापन, पगाराच्या स्लिपा, रजेची मंजुरी आणि ती रद्द केल्याचा मेसेज, पीआयपीचं पत्र, तुमच्या फोनवर आलेले मॅनेजरचे मेसेज. क्लायंटचं नाव असलेलं एकही पान घरी नेऊ नका. मेसेजचे नुसते स्क्रीनशॉट काढून फोन बदलू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, मूळ फोन जवळ असला की ते काम सोपं होतं. आणि एक साधी वही करा. रोज किती वाजता लॅपटॉप उघडला, किती वाजता मिटला, रविवारी कोणाचा मेसेज आला. कामाच्या तासांसाठी गोव्यात १९७३ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, पण नोंद नसेल तर तासांची तक्रार हवेत राहते.

हिशोबाच्या पैशांबाबत कायदा आता तुमच्या बाजूचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत ‘कर्मचारी’ या शब्दात व्यवस्थापकीय काम करणारेही येतात. राजीनामा असो वा काढून टाकणं, देय वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकतं करावं लागतं. ‘आमच्या धोरणात ४५ दिवस आहेत’ हे उत्तर चालत नाही. पगारातून काय कापता येतं त्याची यादी संहितेतच आहे, त्यात बाँडची रक्कम नाही. दिलं नाही तर पणजीत पाटोलाच श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तुमच्या ऑफिसपासून चालत जाण्याएवढं.

तुमच्या करारात ‘फक्त मुंबईच्या न्यायालयात’ असं कलम असण्याची शक्यता मोठी आहे. एप्रिल २०२५ मध्ये एचडीएफसी बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अशी कलमं मान्य केली, त्यामुळे बाँडचा दिवाणी वाद मुंबईला ओढला जाऊ शकतो. वेतनाची तक्रार मात्र कायद्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते, करारातल्या ओळीनं ती वाट बंद होत नाही. ‘गोव्यात कायदा वेगळा ना?’ असं अनेक जण विचारतात. पोर्तुगीज नागरी संहिता विवाह, वारसा, मालमत्तेपुरती आहे, नोकरीच्या करारांना भारतीय करार कायदाच लागू. वकिलाच्या फीची काळजी असेल तर महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेसाहाय्य मिळतं, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तशी तरतूद आहे. मागायला लाजू नका.

छातीत धडधडतं असं तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. मला ते सगळ्यात आधी वाचायला हवं होतं. डॉक्टरांना दाखवा. बांबोळीला आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी रुग्णालय आहे, रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक फुकट लागतो. चिठ्ठी आणि औषधांच्या पावत्या ठेवा, पण जायचं ते कागदासाठी नव्हे, तुमच्यासाठी जायचं.

तिथे राहावं असं मला वाटत नाही. निघा, पण नेमणूकपत्र हाती आल्यावर, आणि तुम्ही ठरवलेल्या दिवशी. राजीनामा द्यायची वेळ आली तर ‘वैयक्तिक कारण’ लिहू नका. जूनपासूनच्या कामाच्या परिस्थितीमुळे, आधीच्या मेलमध्ये नमूद केलेल्या कारणांमुळे, एवढं पुरे. बाबांनी सही केलेल्या जामीनपत्राची प्रत घरात नसेल तर फर्मकडे मेलनं मागा. ती आणि बाँडमधलं ते वाक्य जसंच्या तसं मला पाठवा, म्हणजे उत्तराचा मसुदा करता येईल.