लेबल नसलेलं सोल्डर: शिसं आहे की नाही?

प्रश्न: जुन्या सामानात सोल्डर वायरची तीन रिळं मिळाली, लेबल एकावरही नाही. एक चमकतं, दोन मळकट. चमकतं ते शिशाचं असं एकजण म्हणाला. खरंय का? आणि ६०/४० आहे की ६३/३७ (कथील/शिसं, टक्क्यांत) हे घरी कळेल का?

उत्तर: चमकेवर जाऊ नका. शिशाच्या सोल्डरचा जोड थंड झाल्यावर चकचकीत दिसतो आणि बिनशिशाचा थोडा मंद, खरखरीत, एवढं बरोबर आहे, पण ते जोडाबद्दल झालं, वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या वायरवर हवेमुळे ऑक्साइडचा थर बसतो आणि मग सगळी रिळं सारखीच मळकट दिसतात. कागदावर घासून पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर शिसं बरंच असावं, पण किती ते नाही कळत.

खरी गोष्ट वजनात आहे. शिशाची घनता (एका घन सेंटीमीटरचं वजन ग्रॅममधे) ११.३, कथलाची ७.३, त्यामुळे मिश्रणाची घनता मोजली की अंदाज येतो. मात्र वायर तशीच मोजू नका, आत फ्लक्सची (धातू साफ करून जोड नीट बसवणाऱ्या राळेसारख्या पदार्थाची) पोकळी असते आणि आकडा खाली येतो (इथेच बहुतेकजण फसतात). आधी थोडी वायर वितळवून गोळा करा, वर आलेला फ्लक्स पुसून काढा. मग गोळा कोरडा तोला. काट्यावर पाण्याचा कप ठेवून काटा शून्य करा, गोळा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटीमीटर. समजा कोरडा गोळा ४२ ग्रॅम आणि पाण्यात काटा ५.० दाखवतो, तर घनता ८.४, म्हणजे ६३/३७ च्या जवळपास. बिनशिशाचं असतं तर साधारण ५.७ दाखवलं असतं. ६०/४० ची घनता ८.५, ५०/५० ची ८.९, ४०/६० ची ९.३. आता ८.४ आणि ८.५ मधला फरक ०.१ ग्रॅमच्या काट्याला झेपत नाही, तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या पद्धतीने नाहीच, पण खरं सांगू का, तेवढ्या फरकाने सोल्डरिंगला फारसं बिघडत नाही.

एक गोची मात्र आहे. बिस्मथ ५८ टक्के आणि कथील ४२ टक्के असलेल्या सोल्डरची घनतासुद्धा ८.५ च्याच आसपास येते, शिसं शून्य असून! म्हणून वितळण्याची टेस्ट पण करा. बिस्मथवालं १३८ अंशाला वितळतं, ६३/३७ १८३ ला, चांदी-तांबं असलेलं बिनशिशाचं २१७ ते २२० ला, नुसतं कथील-तांबं २२७ ला. सोल्डरिंग आयर्नच्या डिस्प्लेवर विसंबू नका, टोकाचं तापमान वेगळं असतं. त्यापेक्षा खात्रीच्या ६३/३७ चा तुकडा आणि आपला तुकडा एकाच लोखंडी पट्टीवर शेजारी ठेवून हळूहळू तापवा, आधी कोण वितळतं बघा. आणि थंड होताना पण बघत राहा: ६३/३७ एकदम गोठतं, ५०/५० किंवा ४०/६० मधे बराच वेळ लापशीसारखं राहतं. ही टेस्ट मला सगळ्यात आवडते, काटा नसला तरी चालते.

बिस्मथवालं निघालं तर शिशाच्या जोडांवर वापरू नका, बिस्मथ, कथील, शिसं तिघं मिळून सुमारे ९६ अंशाला वितळणारं मिश्रण होऊ शकतं आणि पार्ट गरम झाला की जोड सुटेल.

फ्लक्सही तपासा. तापवल्यावर राळेचा वास आला तर ठीक, तिखट आंबूस धूर आला तर ते नळजोडणीचं अ‍ॅसिडवालं असू शकतं, सर्किट बोर्डाला लावलंत तर तांबं खाऊन टाकेल. धूर हुंगायला मुद्दाम जवळ जाऊ नका, खिडकी उघडी ठेवा, नंतर हात धुवा. टेस्टचा कप आणि पातेलं परत स्वयंपाकघरात नेऊ नका. आणि काहीही निघो, पिण्याच्या पाण्याच्या पाइपवर किंवा भांड्यावर बिनलेबलचं सोल्डर लावायचंच नाही, त्यासाठी लेबलवालं नवीन आणा.