टेबलटॉपवर सनमायका लावलाय, बाहेर आलेली कड ट्रिमर मशीनने कापायला कुठला बिट घेऊ?

बेअरिंगवाला फ्लश ट्रिम बिट घ्या, आणि कार्बाइडचाच, सनमायका कडक असतो, साधा स्टीलचा बिट पटकन बोथट होतो. मी फर्निचरचंच काम करतो. बेअरिंग प्लायच्या कडेवर फिरतं म्हणून पातं सनमायका कडेबरोबर सरळ कापतं, पण आधी कडेवरचा सुकलेला गोंद खरवडून काढा नाहीतर बेअरिंग त्याच्यावरून उड्या मारतं आणि कड वाकडीतिकडी येते. सनमायका २-३ मिमीच बाहेर ठेवा, कडेसमोर उभं राहून मशीन डावीकडून उजवीकडे न्या, उलट नेलं तर मशीन ओढ घेतं आणि कपची उडते. फक्त एक, बेअरिंग फिरतं त्या कडेलाही सनमायका असेल तर तिथे मास्किंग टेप लावा, अडकलेलं बेअरिंग चरा पाडतं. शेवटी कानस, खालच्या दिशेनेच.