चार रात्रींसाठी व्हिएन्ना: एफडी मोडू का?

सोलापूरच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात त्या हिशेब बघतात आणि यजमानांचे चार पॉवरलूम आहेत. घरात महिन्याला सरासरी 78 हजार येतात. त्यांतले त्यांच्या पगाराचे 32 हजार ठरलेले, बाकीचे माग चालतील तसे. घराचा हप्ता 18,500. मुलगा 11 वर्षांचा. काही वर्षांपूर्वी ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाची एक मुलगी विणकाम शिकायला सोलापुरात आली होती आणि दोन महिने यांच्या शेजारी राहिली. गड्ड्याची जत्रा तिने यांच्याबरोबर पाहिली, भाकरी थापायला यांच्याकडून शिकली. ती आता 'माझ्याकडे या, हवे तितके दिवस राहा' म्हणून मागे लागलीय. ताईंनी खर्च नको म्हणून मे महिन्यातल्या चारच रात्री ठरवल्यात. तिघांनी जायचं, त्यासाठी 3 लाख 20 हजारांची एफडी मोडायची की पर्सनल लोन काढायचं, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, तुम्ही जा. हे आधीच सांगतो, कारण पुढे बरीच काटछाट आहे आणि ती वाचून तुम्हाला वाटेल की मी नकोच म्हणतोय. तसं नाही. पण मे महिन्यात नको, तिघांनी नको, आणि चार रात्रींसाठी तर नकोच.

राहणं फुकट म्हणून सहल स्वस्त, असं तुम्ही धरलंय. कागदावर मांडून बघू. युरो 105 रुपये धरतो. मुंबई-व्हिएन्ना जाऊन-येऊन तिकीट 60 हजार धरा. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) फी मोठ्या माणसाला 90 युरो, म्हणजे साडेनऊ हजारांच्या आसपास. त्यात व्हिसा केंद्राचं शुल्क आणि कागदपत्रं धरून 12 हजार. प्रवास विमा सक्तीचा आहे, किमान 30 हजार युरोंच्या संरक्षणाचा, त्याचे दीड हजार. बोटांचे ठसे द्यायला एकदा आणि विमानाला एकदा सोलापूर सोडायचं, त्याचे पाच हजार. भेटवस्तू, फोनचं रोमिंग आणि किरकोळ साडेसहा हजार. झाले 85 हजार, आणि अजून तिथला एक दिवसही उजाडलेला नाही.

आता तिथला दिवस बघा. मैत्रिणीच्या घरी राहून 35 युरोत, म्हणजे साधारण 3,700 रुपयांत, दिवस नीट निघतो. चार रात्री म्हणजे पाच दिवस, एकूण 1,03,500. दिवसाला पडले 20,700. सात रात्री राहिलात तर आठ दिवसांचे एकूण 1,14,600, दिवसाला 14,300. म्हणजे तीन दिवस कमी करून तुम्ही वाचवताय फक्त 11 हजार, आणि त्यासाठी 85 हजारांचा एक तृतीयांशाहून जास्त उपयोग सोडून देताय. हॉटेलात राहणाऱ्याला दिवस कापून पैसे वाचतात, तुम्हाला नाही. माणसं वाढली की मात्र हेच गणित उलटं फिरतं, कारण ते 85 हजार जवळजवळ जसेच्या तसे प्रत्येकाला लागतात. मुलाची व्हिसा फी निम्मी आहे, विमानात थोडी सूट मिळेल, तरी तिघांचा आकडा चारच रात्रींत तीन लाखांच्या आसपास जातो. म्हणजे तुमची अख्खी एफडी.

ती एफडी मोडू नका. पत्रात तुम्हीच लिहिलंय की गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याने पेमेंट अडकवलं तेव्हा सुताचे पैसे आणि घराचा हप्ता दोन्ही हिच्यातूनच गेले. मागाच्या घरात अशी ठेव म्हणजे दुसरा पगार. शिवाय मुदतीआधी मोडली की जितके दिवस ठेवली तितक्या दिवसांचाच दर मिळतो आणि बहुतेक बँका त्यातूनही अर्धा ते एक टक्का कापतात. मे संपला की जूनमध्ये शाळेची फी उभी आहेच. लोनचंही सांगतो. तीन लाख, दोन वर्षं, 14 टक्के: हप्ता साधारण 14,400 आणि व्याज 45 हजारांच्या वर. ठरलेल्या 32 हजारांतून घराचा हप्ता आणि हा हप्ता, दोन्ही गेले तर हातात काय उरतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

मला तुमच्या पत्रातली भिशीची ओळ महत्त्वाची वाटली, जी तुम्ही जाता जाता लिहिलीय. वीस जणी, महिना पाच हजार, आणि तुमचा नंबर आषाढीच्या सुमारास. तोवर तुमचे 14 हप्ते भरून झाले असतील, म्हणजे त्या लाखातले 70 हजार तुमचे आणि 30 हजार पुढे सहा महिने फेडायचे. बिनव्याजी आहेत, पण देणं आहे, हे विसरू नका. आजपासून जुलैपर्यंत पाच महिने चार हजारांची आरडी लावा. लाख आणि वीस हजार, सात रात्रींचा खर्च त्यात बसतो आणि पाच हजार हाताशी राहतात. सप्टेंबरच्या शेवटी जा. तिथल्या उन्हाळी सुट्टीची गर्दी ओसरलेली असते, हवाही चांगली असते. यजमान 'तू जा' म्हणालेत, असं तुम्हीच लिहिलंय. ते मनापासून म्हणालेत असं धरा. मैत्रीण तुमची आहे, निमंत्रण तुम्हाला आहे. बाई एकटी परदेशात निघाली की आपल्याकडे चार घरांत चर्चा होते, मला माहीत आहे. त्या चर्चेपायी दोन लाख जास्त घालवू नयेत, असं मला कळकळीने वाटतं.

व्हिसासाठी खात्यात एकदम मोठी रक्कम भरून दाखवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय. तो ऐकू नका. अधिकारी मागच्या काही महिन्यांचं स्टेटमेंट बघतात, आणि अर्जाच्या तोंडावर आलेली रक्कम उलट शंका वाढवते. पगाराच्या स्लिपा, रिटर्न आणि न मोडलेल्या एफडीची पावती जोडा. इथे ती एफडी न मोडताच कामाला येते. मैत्रिणीकडून साधं निमंत्रणपत्र घ्या. ऑस्ट्रियात बोलावणाऱ्याने पोलिसांकडे जाऊन पाहुण्याच्या खर्चाची अधिकृत हमी देण्याचीही सोय आहे, पण त्यात ती तुमच्या खर्चाला कायद्याने बांधली जाते. स्वतःचे पैसे दाखवता येत असताना तिच्यावर तो भार टाकू नका.

नवी पेठेतल्या एजंटने दाखवलेलं पॅकेज राहू द्या. टूर पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, कापतात. रिटर्न भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. स्वतः तिकीट काढून फॉरेक्स कार्डावर युरो नेलेत तर वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस नाही. तिथे कार्ड घासताना मशीन रुपये की युरो विचारेल. युरोच म्हणा, रुपये म्हटलंत की दर त्यांचा लागतो.

35 युरो पुरतील का? पुरतील. विमानतळावरून कॅट नावाची महागडी गाडी सोडा, साध्या एस-7 लोकलने दहाएक मिनिटं जास्त लागतात, इतकंच. पाणी विकत घेऊ नका. 1873 पासून त्या शहराला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी नळाने येतं, आणि पाण्याची पाळी मोजणाऱ्या आपल्या गावातून गेल्यावर तुम्हाला त्याची किंमत तिथल्या माणसापेक्षा जास्त कळेल. शॉनब्रुन राजवाड्याच्या बागेला तिकीट नाही, व्हिएन्ना म्युझियमचं कायमचं प्रदर्शन फुकट आहे, स्टेट ऑपेरात उभं राहून ऐकायची स्वस्त तिकिटं मिळतात. रविवारी दुकानं बंद असतात, किराणा शनिवारी आणा. आणि एका संध्याकाळी मैत्रिणीला जेवायला बाहेर न्या. त्याचे 45 युरो हाताशी राहिलेल्या त्या पाच हजारांतून वेगळे काढा, यात हात आखडू नका.

भेट म्हणून चादर एकच न्या, वजन होतं. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी चालेल, पेढे नाहीत. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, अर्ज भरायच्या आदल्या दिवशी, एफडीची पावती काढून बघा. मधल्या काळात पेमेंट अडकून तिला हात लागला असेल तर मैत्रिणीला फोन करा आणि पुढच्या एप्रिलचं ठरवा. व्हिसाची फी एकदा भरली की परत मिळत नाही, आणि तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढायचं आहे.