यिर्मयाला त्याच्या वडिलांनी पाठवलं नव्हतं

अहिल्यानगर जिल्ह्यातून एका पाळकसाहेबांचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी कला शाखा, ७१ टक्के. त्याला जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याचा अभ्यास करायचा आहे, हिब्रू शिकायची आहे, पण पाळक व्हायचं नाही. वडील लिहितात, “पाळक व्हायचं नसेल तर हिब्रू कशाला? आम्ही त्याला जन्माआधीच सेवेसाठी वाहिला आहे. यिर्मयाही ‘मी लहान आहे’ म्हणाला होता, देवाने ऐकलं का? जरा समजवा त्याला.”

पाळकसाहेब, नमस्कार.

७१ टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी वाटते ती तुमच्या शेवटच्या तीन वाक्यांची. यिर्मयाच्या ग्रंथात, पहिल्या अध्यायात, त्याला सेवेसाठी बोलावणारा देव आहे, बाप नाही. त्याचे वडील हिल्कीया अनाथोथच्या याजकांपैकी. म्हणजे घराणं तुमच्यासारखंच सेवेतलं. तरी त्या पाचारणात हिल्कीया कुठेही बोलत नाही. पुढे अकराव्या अध्यायात याच अनाथोथची माणसं त्याच्या जिवावर उठतात आणि बाराव्यात त्याला ऐकावं लागतं की तुझे भाऊ, तुझ्या बापाचं घराणं, त्यांनीही तुला दगा दिला आहे. हे अध्याय तुम्ही मंडळीत शिकवले असतील. मग मुलासमोर फक्त पहिलाच अध्याय का उघडता?

त्याच्या जागी बसून बघा. देवाची हाक आणि बापाचा हुकूम त्याला एकाच आवाजात ऐकू येतात. तो तुम्हाला नाही म्हणाला, की घरात त्याचा अर्थ देवाला नाही म्हणाला असा लागतो. अठरा वर्षांच्या पोराने हे ओझं कसं पेलायचं? त्याने उद्या दबून होकार दिला, तर त्या होकाराचं तुम्ही तरी काय करणार आहात?

आता “हिब्रू कशाला” हा प्रश्न. हिब्रू फक्त व्यासपीठासाठी असते, हा समज मनातून काढून टाका. पंडिता रमाबाईंनी पुण्याजवळच्या केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या पाळक नव्हत्या. आणि मुलाला मूळ भाषा का हवी, हे एका डहाळीवरून सांगतो. देव विचारतो, तुला काय दिसतं? यिर्मया म्हणतो, बदामाची डहाळी. देव म्हणतो, बरोबर पाहिलंस, मी माझं वचन पूर्ण करायला टपून आहे. मराठीत वाचताना बदामाचा आणि टपण्याचा संबंधच लागत नाही. हिब्रूत बदाम म्हणजे शाकेद आणि जागं राहून लक्ष ठेवणारा तो शोकेद. सगळा अर्थ त्या दोन शब्दांच्या जवळिकीत आहे. हे कळावं अशी ओढ बारावीच्या मुलाला लागली आहे, आणि तुम्ही मला ती सोडवायला सांगताय.

त्याच्या वहीचं पान तुम्ही “शंका घेतो” म्हणून जोडलंत. यिर्मयाचा ग्रंथ प्राचीन ग्रीक भाषांतरात आपल्या बायबलातल्यापेक्षा लहान का, एवढंच त्याने विचारलं आहे. ही अश्रद्धा नव्हे, या विषयातला अस्सल प्रश्न आहे. ग्रीक पाठ, म्हणजे ग्रंथाचा ग्रीकमधला मजकूर, हिब्रूपेक्षा सुमारे सातव्या-आठव्या हिश्श्याने लहान आहे, काही अध्यायांची जागाही वेगळी आहे, आणि मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत त्या लहान पाठाशी जुळणारे हिब्रू तुकडेही सापडले आहेत. छत्तिसाव्या अध्यायात तर राजा यहोयाकीम यिर्मयाची वचनं लिहिलेल्या गुंडाळीचे तीन-चार रकाने वाचून झाले की चाकूने कापून शेगडीत टाकतो, आणि यिर्मया आपला लेखनिक बारूख याच्याकडून सगळं पुन्हा लिहवून घेतो, वर “तशीच आणखी पुष्कळ वचनं” घालतो. ग्रंथ वाढत गेल्याचं हा ग्रंथ स्वतःच सांगतो!

म्हणून माझा सल्ला तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळा आहे. त्याला लगेच सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, घालू नका. आधी पुण्यात संस्कृत किंवा इतिहास घेऊन बी.ए. करू द्या. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. हस्तलिखितं ताडून पाठ ठरवायचं ते काम कसं झालं, हे त्याने तिथे समजून घ्यावं. पद्धत हीच, ग्रंथ वेगळा. सोबत हिब्रूची बावीस अक्षरं आजपासून, ग्रीक दुसऱ्या वर्षी. पदवीनंतर सेरामपूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात बी.डी. ही ईश्वरविज्ञानाची पदवी करायची की परदेशी जायचं, हे त्याचं त्याने ठरवावं. बी.एड., एमपीएससीचे रस्ते पदवीमुळे उघडे राहतातच.

पैशाचंही स्पष्ट सांगतो. या क्षेत्रात जागा थोड्या आहेत: ईश्वरविज्ञानाच्या कॉलेजांत शिकवणं, बायबलच्या भाषांतराचं काम, नशिबाने साथ दिली तर विद्यापीठ. पगार इंजिनिअरचा नाही. हे त्याला आजच माहीत असू द्या, पण भीती घालायला वापरू नका.

पुण्याला याल तेव्हा दोघंही या. पहिला अर्धा तास मी त्याच्याशी एकट्याशी बोलेन. तेवढा वेळ तुम्ही बाहेर बसा.