जिज्ञासा आणि उत्तरे : टाकाऊ डब्यांचे ढोल-ताशे

प्रश्न : गणेशोत्सवात मुलांच्या लेझीम पथकासाठी रंगाच्या रिकाम्या बादल्यांचे ढोल करतो आहोत. तोंडावर बॉक्सची चिकटपट्टी चांदणीसारखी आडवी-तिरपी ओढली. पहिल्या दिवशी आवाज बरा होता, दुसऱ्या दिवशी पान (वाजवायचा ताणलेला पडदा) लोंबले. शिवाय मधोमध वाजवले की नुसते ‘ठक्’ होते. — एक शिक्षिका, रामबाग, इंदूर

आधी ‘ठक्’चे बघू. सगळ्या पट्ट्या मध्यबिंदूवरून नेल्या की कडेला एक-दोन थर राहतात आणि मध्ये दहा-बारा चढतात. ढोलाचे पान मध्येच जास्त हलायचे असते आणि नेमके तिथेच वजन पडते. म्हणून चांदणी सोडा, पट्ट्या समांतर लावा.

२० लिटरच्या बादलीचे तोंड साधारण २८ सेंमी असते. ४८ मिमी रुंदीची पट्टी घ्या. पहिली बरोबर मधून, पुढच्या तिच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक पट्टी आधीचीवर १ सेंमी चढवून. आठ पट्ट्यांत एक थर होतो. दुसरा थर काटकोनात, तिसरा आणि चौथा तिरपे. प्रत्येक टोक बादलीच्या अंगावर ६ सेंमी खाली आले पाहिजे. हे काम दोघांचे आहे : एकाने टोक दाबून धरायचे, दुसऱ्याने समोर ताणून चिकटवायचे. एकट्याने केले की एक बाजू सैल राहतेच, आणि सुरकुती एकदा पडली की वरून कितीही थर द्या, ती जात नाही. चार थरांना १३ मीटरच्या आसपास पट्टी लागते, म्हणजे ६५ मीटरच्या रिळात पाच ढोल, तेही फारसे वाया घालवले नाही तर.

आता लोंबण्याबद्दल. या बादल्यांच्या प्लास्टिकवर चिकटपट्टीची पकड मुळात कमी. त्यात ऊन लागले की गोंद मऊ पडतो आणि ताणलेली पट्टी हळूहळू वर सरकते. पान धरून ठेवायचे काम गोंदावर सोडू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबची ३ सेंमी रुंद पट्टी कापा आणि तोंडाखाली २ सेंमीवर, चिकटवलेल्या टोकांवरून, जोर लावून दोन वेढे देऊन गाठ मारा. बादली आधी साबणाने धुऊन, पुसून, पूर्ण वाळवलेली हवी. कडेवर सुकलेल्या रंगाचे पोपडे असतील तर खरवडून काढा, नाहीतर पान तिथेच फाटते.

बुडाला ८ ते १० सेंमीचे भोक पाडा. बंद बुडाच्या बादलीत हवा कोंडते आणि आवाज दबतो. गळ्यात अडकवायचा पट्टा कडीला बांधू नका. कडीचे कान हादऱ्याने निसटतात. अंगालाच दोन भोके पाडून जुनी ओढणी ओवा. आणि वाजवून झाल्यावर ढोल गच्चीत किंवा बंद गाडीत ठेवू नका.

प्रश्न : बॉक्सच्या पट्टीऐवजी टायरची ट्यूब चालेल का? — राजेंद्रनगर

चालेल, पण आवाज वेगळा येईल. रबर कंप लवकर गिळते, त्यामुळे नाद खाली आणि आखूड, ‘धप्प’ असा. ठेका धरायला छान, तडतडायला नाही. सायकलची ट्यूब अरुंद पडते. पंक्चरवाल्याकडे ट्रकची फाटकी ट्यूब मिळते, तीतले पंक्चर नसलेले तुकडे निवडा.

१८ सेंमी तोंडाचा, साधारण २५ सेंमी उंच गोल डबा असेल तर दोन्ही बुडे काढून टाका आणि २४ सेंमी व्यासाच्या दोन चकत्या कापा. कडेपासून २ सेंमी आत, सारख्या अंतरावर बारा-बारा भोके पाडा. चकत्या दोन्ही तोंडांवर ठेवून नायलॉनची दोरी वर-खाली नागमोडी ओवा. आठ मीटर दोरी पुरते. पहिल्या फेरीत हलकेच ओढा, ताण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत द्या, तोही समोरासमोरच्या भोकांना आळीपाळीने. एकाच बाजूने ओढत गेलात तर चकती सरकते. भोके कात्रीने पाडू नका, चीर वाढत जाऊन ती कडेपर्यंत फाटते. चप्पल दुरुस्त करणाऱ्याकडून पंचने गोल पाडून घ्या.

पत्र्याची कड मात्र आधी कानशीने घासा आणि तिच्यावर पाण्याच्या जुन्या पाइपाचा उभा चिरलेला तुकडा बसवा. नाहीतर रबर आठवडाभरात कापले जाईल आणि त्याआधी मुलांची बोटे.

प्रश्न : ताशासाठी एक्स-रेची फिल्म वापरली. आवाज कडक आला, पण सोबत झिणझिण येते.

फिल्मची निवड उत्तम आहे. बाजारातल्या ड्रमची प्लास्टिकची पाने ज्या पॉलिएस्टरची असतात, तेच हे. पण ते रबरासारखे ताणले जात नाही, म्हणून गोल कडेवर दुमडताना घड्या पडतात आणि घडीची सैल जीभ झिणझिणते. तोंडाबाहेर ४ सेंमी फिल्म ठेवा आणि त्या भागात दर ३ सेंमीवर इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा कापा. खाच कडेच्या अर्धा सेंमी अलीकडे थांबली पाहिजे, तोंडावर आली तर तिथून फाटते. मग डब्याच्याच झाकणाचा मधला भाग कापून, २ सेंमीची रिंग ठेवून, ती वरून दाबून बसवा.

तरीही झिणझिण राहिली तर दोष पानाचा नाही, डब्याच्या पातळ पत्र्याचा. बाहेरून जुन्या सुती साडीची पट्टी घट्ट गुंडाळा, लगेच फरक कळतो.

प्रश्न : अटाल्यात (भंगारात) तेलाचे चौकोनी १५ किलोचे डबे खूप मिळतात. त्यांचे ढोल होतील?

पान लावून नाही. चौकोनी तोंडावर ताण कोपऱ्यांत एक आणि मध्ये दुसरा पडतो. तो डबा उलटा करून पत्र्यावरच वाजवा. टिपरूच्या (वाजवायच्या काडीच्या) टोकाला ट्यूबची पट्टी गुंडाळली की कान किटत नाहीत. आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तेल काढा. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे डबे कितीही धुतले तरी मुलांच्या हाती देऊ नका.