चित्र काढायला बसलं की काहीच सुचत नाही, प्रेरणा कुठून आणायची?

सुचायची वाट बघत घरात बसू नका, आधी बघायची सवय लावा. मी साताऱ्याचा, दोन वर्षं नुसते पिंटरेस्टवरचे फोटो बघून काढायचो आणि सगळी चित्रं एकसारखीच यायची, मग एकदा वाईला घाटाच्या पायऱ्यांवर वही घेऊन बसलो तेव्हा कळलं की काळा दगड नुसता काळा नसतोच, सकाळी तो निळसर दिसतो, ओला झाला की त्यात आभाळ उतरतं, आणि धुणं पिळणाऱ्या बाईचा जोर हातापेक्षा कमरेत आणि टाचेत जास्त असतो. फोटोत हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

आणि सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाच! यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेलं, ते स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्मांची ओरिजिनल चित्रं तिथं आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ‘आई आणि मूल’ हे शिल्पसुद्धा आहे (आपल्या जिल्ह्यात, विचार करा). पण सगळं पळत बघू नका, एकाच चित्रापुढं अर्धा तास थांबा, साडीच्या काठावर उजेड नेमका कुठं ठेवलाय ते बघा, मग बाहेर येऊन आठवून काढा आणि जिथं अडकाल तिथं परत आत जाऊन बघा.

रोजच्याला एसटी स्टँड बेस्ट. छोटी वही आणि बॉलपेन घ्या, खोडरबर घरी ठेवा. माणूस गाडीत चढायच्या आत काढायचा, निम्मा राहिला तरी चालतंय.